लाँगहोलची होल वाकडी जाताहेत, तातडीने मदत हवी आहे

खाणवाला: राजस्थानात जस्ताच्या खाणीत आहे. लाँगहोल, म्हणजे सुरुंगासाठी लांब होल मारून खनिज फोडायची पद्धत. स्टोपमधली (जिथून खनिज काढतो ती जागा) होल वाकडी जाताहेत. खालच्या ड्राइव्हमध्ये (बोगद्यात) जाऊन पाहिलं, दीड मीटर सरकून फुटलीत. परवा ब्लास्ट आहे. उपाय सांगा.

कातळ: होल किती लांब, किती एमएमची? रॉड कुठले? १० मीटरवर दीड आणि ३० मीटरवर दीड यात फार फरक आहे हो.

ड्रिलमास्तर: टॉप हॅमर (वरून रॉडवर ठोके देणारं मशीन) सोडा, आयटीएच (होलच्या आत उतरणारा हॅमर) घ्या. हॅमर बिटला लागूनच असतो, रॉडच्या जोडाजोडात ताकद वाया जात नाही. आमची ११५ एमएमची होल सुतासारखी सरळ जायची.

खाणवाला: परवापर्यंत नवीन मशीन कुठून आणू? २५ मीटर, ७६ एमएम, टी-४५ रॉड. ओअर (खनिजाचा पट्टा) ५ मीटर जाड.

रानवाट: ५ मीटरच्या ओअरमध्ये ११५ ची होल स्फोटकाने भरलीत तर हँगिंग वॉलही (ओअरच्या वरचा खडक) सोबत खाली येईल. मग वेस्ट (बिनकामाचा दगड) उपसत बसा.

ड्रिलमास्तर: डेकिंग करून (होलमध्ये मधेमधे स्फोटक न भरता) चार्ज कमी करता येतो की! वाकडं होल त्याहून महाग पडतं.

तुमसरकर: आमच्या भंडाऱ्याकडे चिखल्याच्या मँगनीज खाणीत कट अँड फिल आहे. लहान होल, मागून वाळू भरायची. ही भानगडच नाही. बाय द वे, भाच्याला नागपूरच्या व्हीएनआयटी कॉलेजात मायनिंग मिळतंय, घ्यावं का?

कातळ: घ्यावं, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. खाणवाला, होल एकाच बाजूला गेलीत की पांगलीत? फोलिएशन (खडकाचे पापुद्रे) किती अंशांत?

खाणवाला: सगळी फूटवॉलकडे (ओअरखालच्या खडकाकडे). होल ६५ अंशांत, फोलिएशन ७५ च्या आसपास.

कातळ: मग खडकच ओढतोय. होल आणि फोलिएशनमध्ये कोन इतका कमी असला की बिट पापुद्र्याच्या दिशेने वळतं. तरी गायरोने (होलची दिशा मोजणारं यंत्र) दर ५ मीटरला मोजा. होल तोंडापासूनच सरळ रेषेत बाहेर गेलं असेल तर मशीनचा सेटअप चुकलाय. खाली जाताना वळत गेलं असेल तर खडक आणि रॉड. पुढच्या रिंगला (होलच्या पुढच्या ओळीला) फीड प्रेशर (बिट पुढे ढकलायचा जोर) उतरवा, बिटमागे गाइड ट्यूब (होल सरळ ठेवणारी नळी) लावा. आणि ही रिंग आहे तशी भरू नका. फूटवॉलमध्ये घुसलेला भाग रिकामा ठेवा, जिथे टोकाशी अंतर वाढलंय तिथे जादा होल मारा.

खाणवाला: गायरो सर्व्हेकडे आहे, सकाळीच मागतो. पण ब्लास्ट पुढे ढकला हे मॅनेजरसाहेबांना कसं सांगू?

रानवाट: खाली फुटलेल्या प्रत्येक होलला रंग लावा, सर्व्हेकडून जागा घेऊन रिंगच्या नकाशावर टाका. तो कागद साहेबांपुढे ठेवा.