घरच्या कॉम्प्युटरला एसएसडी टाकायची आहे, सगळ्यात फास्ट कुठली घेऊ?

उद्यमनगरकर

नमस्कार मंडळी. घरात २०१६ च्या दिवाळीत असेम्बल करून घेतलेला कॉम्प्युटर आहे, आय५ सहावी जनरेशन, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्डडिस्क, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात कामाला आहे, फिक्स्चरची ड्रॉइंगं रात्री घरी बसून काढतो, दिवसा पोरगी बारावीची लेक्चरं बघती आणि बायको बचत गटाचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवती, म्हणजे मशीन दिवसभर चालूच.

आता हाल असे आहेत की बटण दाबल्यावर डेस्कटॉप दिसायला तीन मिनिटं आणि दिसल्यावर पण क्लिक घ्यायला आणखी दोन मिनिटं. कॅबिनेटवरची लाल लाईट विझतच नाही. टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क १०० टक्के आणि शेजारीच स्पीड दाखवतंय सेकंदाला १ एमबी, दीड एमबी. १०० टक्के राबून दीड एमबी म्हणजे नक्की काय चाललंय तेच कळंना.

हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, टाकावी म्हणून दोन दुकानं फिरलो. एक म्हणाला आता ह्यात पैसे घालू नका, नवीनच घ्या. दुसऱ्यानं ७००० एमबी स्पीड लिहिलेला एनव्हीएमईचा, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या एसएसडीचा, बॉक्स हातात दिला, आमच्या बोर्डाला बसेल काय म्हणून विचारलं तर "बसतंय की" एवढंच. पैसे काढले होते खिशातून, पण बोर्ड न बघताच कसं सांगतोय म्हणून परत ठेवले. बजेट बेताचं आहे, एकदाच घेणार, तर जी सगळ्यात फास्ट असेल ती सांगा.

नववी_गल्ली

दादा, थांबलासा ते बरं केलंसा. बॉक्सवरचा ७००० चा आकडा एकच मोठी फाईल सलग वाचताना मिळतो, तोही बोर्डाला जेन फोरचा (चौथ्या पिढीचा, जास्त वेगाचा) स्लॉट असला तरच. सहाव्या जनरेशनच्या इंटेल बोर्डावर जेन थ्रीच्या पुढं काही नाही, म्हणजे तिथं ३५०० च्या आसपासच अडकणार.

आता तुमचा दीड एमबीचा प्रश्न, कारण खरं उत्तर तिथंच आहे. हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, हवा तो भाग डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा म्हणजे ४ च्या वर, आणि डोकं त्या ट्रॅकवर सरकायला आणखी ८-९. म्हणजे एक बारकी फाईल उचलायला १२-१३ मिलिसेकंद गेले, सेकंदाला जेमतेम ८० वेळा उचलणार. तुम्ही मशीनवर काम करणारी माणसं, तुम्हाला लगेच कळंल, कटिंगला वेळ जात नाही, टूल एका जॉबवरून दुसऱ्यावर न्यायलाच सगळा वेळ जातोय. विंडोज चालू होताना अशा हजारो बारक्या फाईली इकडून तिकडून मागतं, म्हणून लाईट विझत नाही आणि आकडा दीड एमबीच राहतो.

साध्या साटा एसएसडीत, म्हणजे हार्डडिस्कच्याच केबलला लागणाऱ्या एसएसडीत, सरकणारं काहीच नाही, ती अशा बारक्या फाईली एकेक करून सेकंदाला १०,००० च्या आसपास उचलते. ८० वरून १०,०००! आणि चांगली एनव्हीएमई तेच काम करताना साटाच्या दुप्पटसुद्धा सहसा जात नाही. म्हणजे मोठी उडी हार्डडिस्क सोडताना लागते, त्याच्या पुढचं जे आहे ते तुमच्या कामात डोळ्याला दिसायचं नाही.

आधी कॅबिनेट उघडून बघा, एम डॉट टू स्लॉट, म्हणजे एनव्हीएमई बसायची जागा, आहे का. बोटभर लांब, प्रोसेसरच्या खाली आडवा असतो, समोर ८० मिलिमीटरवर एक बारका स्क्रू. आणि बोर्डावर मॉडेल नंबर ठळक छापलेला असतोय, तो इथं टाका.

ड्रोनवाला_भावा

मी लग्नाचं शूटिंग करतो, तर माझा अनुभव थोडा वेगळा आहे. माझ्या एडिटिंग मशीनला एनव्हीएमईशिवाय चालतच नाही, चार कॅमेऱ्यांचं फुटेज ३०० जीबी होतं आणि ते रोज हलवायचं असतं. पण नुसतं एनव्हीएमई लिहिलंय म्हणून फास्ट असं पण नाही हां. मागच्या सीझनला एक स्वस्तातली घेतली, पहिले ६०-७० जीबी असे गेले की डोळ्याचं पातं लवायच्या आत, आणि मग एकदम ९० एमबीवर आली ती शेवटपर्यंत तिथंच. रात्री दीड वाजता नवरीकडची हायलाइट द्यायची होती सकाळी, आणि मी त्या हिरव्या पट्टीकडं बघत बसलोय.

नंतर कळालं ती क्यूएलसी होती. चिपमधल्या एका बारक्या कप्प्यात (सेलमध्ये) ४ बिट कोंबलेले असतात, लिहायला हळू लागतं, ते झाकायला थोडी जागा फास्ट कॅश म्हणून ठेवलेली असते, ती भरली की खरा स्पीड उघडा पडतो. टीएलसीत ३ बिट, तिथं एवढी पडझड होत नाही. त्यामुळं दादा, साटा घ्या नाहीतर एनव्हीएमई घ्या, टीएलसी आहे का एवढं विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. बॉक्सवर लिहिलेलं नसलं तर कंपनीच्या साईटवर मॉडेल घालून बघा. तिथं पण लपवलेलं असलं तर ती सोडून द्या.

उद्यमनगरकर

कॅबिनेट उघडला. इतक्या वर्षांची धूळ, आधी ब्लोअर मारला. बोर्डावर एच११० लिहिलंय, एम डॉट टू स्लॉट कुठंच नाही, दोनदा टॉर्च लावून बघितलं. म्हणजे तो बॉक्स घेतला असता तर घरी येऊन टेबलावर ठेवायला लागला असता. साटाचे चार पोर्ट आहेत, त्यातले दोन मोकळे. शेजारचा पोरगा म्हणतोय एक कार्ड मिळतं त्यावर एनव्हीएमई बसवून लांब स्लॉटात घालायची, तसं करू काय?

नववी_गल्ली

होतं तसं. ग्राफिक कार्डाचा लांब स्लॉट तुमचा मोकळा आहे, तो थेट प्रोसेसरला जोडलेला जेन थ्री आहे, तिथं स्पीड पूर्ण मिळंल. पण बारक्या स्लॉटात चुकूनसुद्धा घालू नका, एच११० च्या चिपसेटवरचे (बोर्डावरच्या मदतनीस चिपला जोडलेले) स्लॉट जेन टू आहेत आणि एका लेनला (डेटाच्या एका वाटेला) ५०० एमबीची मर्यादा, म्हणजे साटाच झाली की. वर बायोसनं, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरनं, त्यावरून बूट केलं पाहिजे, त्यासाठी कदाचित बायोस अपडेट मारावा लागंल, आणि अपडेट चालू असताना लाईट गेली की बोर्डच गेला. वळवाच्या दिवसात मी तरी ही जोखीम घरच्या मशीनवर घेणार नाही.

तुम्ही सरळ साटा घ्या, अडीच इंची. एच११० चे चारही पोर्ट ६ गिगाबिटचे आहेत, कुठल्याही पोर्टला लावा, ५५० एमबीपर्यंत मिळतं. फक्त डीरॅम (एसएसडीची स्वतःची फास्ट मेमरी) असलेली बघा. एसएसडीला कुठली फाईल कुठल्या चिपमध्ये आहे ह्याचा नकाशा लागतो, तो डीरॅममध्ये असला की पटापट सापडतं. स्वस्त एनव्हीएमईला स्वतःची डीरॅम नसली तरी ती कॉम्प्युटरच्या रॅममधून थोडी उसनी घेते, साटाला तशी सोयच नाही. सॅमसंगची ८७० इव्हो ही टीएलसी आहे, डीरॅम आहे, वॉरंटी ५ वर्षं. ५०० जीबीला ३०० टीबी लिहिण्याची हमी आहे, रोज २० जीबी लिहिलं तरी ४१ वर्षं होतात, त्यामुळं झिजेल ह्याची काळजी सोडा. दुकानात ती नसली तर टीएलसी आणि डीरॅम ह्या दोनच गोष्टी धरून दुसरी बघा. २५० नको, लवकर भरते आणि काठोकाठ भरलेली एसएसडी हळू पडते, १५ टक्के तरी मोकळी राहू दे.

विंडोजचं पण सांगतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला अधिकृतपणे आठव्या जनरेशनपासून पुढं लागतं, म्हणजे दोनेक वर्षांत मशीन बदलायचा विषय येणारच. तेव्हा ही एसएसडी काढून नव्यात लावता येते, पैसे कुठं जात नाहीत.

सुतारवाडा_ताई

स्पीडचं सगळं सांगून झालंय, मी बॅकअपचं सांगते, कारण त्यात माझं जे गेलं ते परत आलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या, म्हणजे धोक्याच्या पातळीच्या, वर गेलं तेव्हा आम्ही कागदपत्रं, दागिने, धान्याचे डबे सगळं माळ्यावर टाकलं आणि रात्रीच बाहेर पडलो. सीपीयू टेबलाखाली तसाच. बॅकअपची हार्डडिस्क होती की, पण त्याच टेबलाच्या ड्रॉवरात! पाणी उतरल्यावर ड्रॉवर ओढला तर अर्धा चिखल. सासऱ्यांच्या एकसष्टीचे फोटो दोन्हीकडं होते आणि दोन्हीकडून गेले. ते आता नाहीत.

त्यानंतर नवीन मशीन एसएसडीचंच घेतलं. तीन वर्षं छान चाललं आणि एका सकाळी बायोसमध्ये डिस्कच दिसेना. आदल्या रात्री मी त्यावर मार्कशीटचं काम केलेलं, काहीही लक्षण नव्हतं. हार्डडिस्क निदान टक टक आवाज करून सांगते तरी, एसएसडी गप जाते. आणि त्यातून काढून देणं लई अवघड, डिलीट केलेलं तर ट्रिममुळं (डिलीट झालेली जागा एसएसडीला कळवणारी विंडोजची सोय) आतून खरंच पुसलं जातं.

तेव्हापासून दोन बाहेरच्या हार्डडिस्क ठेवल्यात. एकीवर दर संकष्टीला कॉपी करते, चंद्रोदयाची वाट बघत बसायचंच असतं. दुसरी गारगोटीला माहेरी असते, गौरीला आणि दिवाळीला गेले की अदलाबदल. कपाटात ठेवायच्या बॅकअपला एसएसडी वापरू नका, वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही तर त्यातला चार्ज हळूहळू गळतो, तिथं हार्डडिस्कच बरी. दादा, पोरगी बारावीला आहे म्हणालात म्हणून एवढं लिहिलं.

ड्रोनवाला_भावा

ताईंचं शंभर टक्के. बसवतानाच्या दोन गोष्टी सांगून जातो. १ टीबीवरून ५०० वर क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करत बसू नका, क्लोनझिला नावाच्या सॉफ्टवेअरला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच लागते, त्यापेक्षा ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून विंडोज नवीन टाका, डिजिटल लायसन बोर्डाला बांधलेलं असतं, आपोआप ॲक्टिव्हेट होतं. आणि टाकताना जुन्या हार्डडिस्कची केबल काढून ठेवा! नाहीतर बूटची बारकी पार्टिशन जुन्या डिस्कवरच राहते, पुढं ती डिस्क काढली की मशीन चालू होत नाही आणि कारण सापडत नाही. पॉवरचा जॅक कमी पडला तर कन्व्हर्टर घ्याल, त्यात साच्यातला ओतीव घेऊ नका, आत वायरी चिकटून जळतात, वायर दाबून बसवलेला घ्या.

उद्यमनगरकर

झालं मंडळी, काल रात्री बसवली. ८७० इव्हो ५०० जीबी मिळाली, दुकानदाराला टीएलसी आणि डीरॅम विचारल्यावर त्यानं पहिला काढलेला बॉक्स स्वतःच परत ठेवला. कॅबिनेटमध्ये अडीच इंचाची जागा नव्हती, मग कामावर २ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी कापून ब्रॅकेट केलं, ६१.७ बाय ७६.६ वर ३.२ ची चार भोकं, एम३ चे स्क्रू, एकदम फिट.

बटण दाबल्यापासून मोबाईलवर घड्याळ लावून मोजलं, १९ सेकंदात डेस्कटॉप. पोरगी म्हणाली लाईट बंद पडली काय बघा, कारण लाल दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. बायकोनं एक्सेल उघडलं, परत बंद केलं, परत उघडलं, तीनदा. तो क्रर्र आवाज नाही म्हणून खोली पण शांत वाटायला लागलीय.

एकच सांगायचं राहिलं. ताईंच्या सांगण्यावरून जुनी हार्डडिस्क बॅकअपला ठेवायची म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं तर पिवळं दाखवतंय, रीअलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब होऊन बदललेले भाग, आहेत. म्हणजे ती पण जायच्याच वाटेवर होती. ड्रॉइंगं आणि पोरीच्या नोट्स आत्ताच पेनड्राइव्हवर चढवायला लावल्यात, ६४ टक्के झालंय. शनिवारी सुट्टी आहे, नवीन हार्डडिस्क आणतो, आणि दुसरी कॉपी वडणग्याला बहिणीकडं ठेवायचा विचार होता, पण तिथं पण पाणी येतं, तर मेव्हण्याकडं कागलला ठेवतो.