प्रार्थना कोरडी झाली की आधी पापच का शोधायचं?

मोहरीचा दाणा:
चर्चच्या मंडळीत कुणी धीर करून सांगितलं की "हल्ली प्रार्थनेत मन लागत नाही, देव लांब गेल्यासारखा वाटतो", की समोरून ठरलेलं उत्तर येतं: मनात कुठलं पाप दडलंय ते बघ. आधार बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ५९:२ या वचनाचा, की तुमचे अपराध तुमच्या आणि देवाच्या आड आलेत. वचनाशी माझं भांडण नाही. पण पुढच्याच दोन ओळी वाचा. हात रक्ताने माखलेले, तोंडी खोटं, न्यायाची चाड कुणालाच नाही, अशा लोकांना यशया सुनावतोय. तेच वचन आजारी आईच्या उशाशी महिनोन्महिने जागलेल्या मुलीच्या माथी मारायचं?

निर्दोष असून सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी हेच केलं. अलीफजाकडे पुरावा काडीचा नाही, तरी तो बेधडक म्हणतो की तू विधवांना रिकाम्या हाताने परत पाठवलंस (ईयोब २२:९). शेवटी देवाचा कोप झाला तो अलीफजावर आणि त्याच्या दोन सोबत्यांवर. हेच मित्र आधी सात दिवस गप्प बसले होते. तेवढंच काय ते बरोबर केलं त्यांनी.

कडू औषध:
साफ असहमत. स्तोत्र ३२ काढा. पाप कबूल न करता गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, असं दावीद राजा म्हणतो. तिथे नुसतं सोबत गप्प बसून काय झालं असतं? दुसऱ्याची बायको बथशेबा हिच्या प्रकरणात नाथान संदेष्टा तोंडावर बोलला म्हणून दावीद वाचला.

आणि दरवेळी रक्ताने माखलेले हातच लागतात असं नाही. १ पेत्र ३:७ बघा, बायकोला मान दिला नाही तरी नवऱ्याच्या प्रार्थनेला खीळ बसते. वाटणीवरून सख्ख्या भावाचा फोन उचलायचा नाही, उपवास मात्र चाळीस दिवसांचा, आणि वर तक्रार की देव बोलत नाही! मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू स्पष्ट सांगतो, अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर.

मोहरीचा दाणा:
नाथानाला देवाने पाठवलं होतं, आणि काय घडलं ते त्याला ठाऊक होतं. आपल्याकडे सल्ला देणाऱ्याला यातलं काय ठाऊक असतं?

मागचा बाक:
एलीया संदेष्ट्याचं कुणी नावच काढलं नाही. १ राजे १९. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या संदेष्ट्यांवर एवढा विजय मिळवून माणूस झुडपाखाली आडवा होतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. चाळीस दिवस चालून तो होरेब या देवाच्या डोंगराला पोचतो, आणि देव त्याला प्रश्न विचारतो तो तिथे. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण उपाशी माणसाला थेट प्रश्न विचारतो.

कडू औषध:
पण विचारलं ना? "एलीया, तू इथे काय करतोस?" आणि तेही दोनदा.

शेवंती:
कॅथलिक परंपरेतलं थोडं सांगते. जेझुइट संघाचा संस्थापक, लोयोलाच्या इग्नेशियसने (१४९१-१५५६) अशा कोरड्या काळाची तीन कारणं दिली आहेत. पहिलं, साधनेतला आपलाच आळस. दुसरं, सांत्वन म्हणजे प्रार्थनेतली गोडी मिळत नसतानाही आपण किती टिकतो याची पारख. तिसरं, ते सांत्वन आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावं म्हणून. म्हणजे तुम्ही दोघंही त्या यादीत बसता! या काळात आधी केलेला निश्चय बदलायचा नाही, असाही त्याचा नियम आहे. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली तेव्हा कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आत काळोखच जाणवत होता. काम मात्र थांबलं नाही.

कडू औषध:
संतांचे दाखले देताना जपून. चार रविवार उपासनेला दांडी मारणाराही उद्या म्हणेल, माझी काळोखी रात्र चालू आहे.

शेवंती:
त्याची सोय, ज्याच्यामुळे 'काळोखी रात्र' हा शब्द रूढ झाला त्या क्रूसाच्या योहान या स्पॅनिश संताने सोळाव्या शतकातच करून ठेवली आहे. खरी रात्र ओळखायच्या खुणा तीन: देवाच्या गोष्टींत गोडी नाही तशी इतर कशातही नाही, पूर्वीसारखं मनन जमत नाही, आणि आपण देवाची सेवा नीट करत नाही ही खंत सतत पोखरते. ज्याला खंतच नाही तो निव्वळ कोमट. तुमचा दांडीबहाद्दर इथेच गळाला.

कडू औषध:
ही खंतेची खूण पटली. पण ती आहे की नाही हे कळायला आधी विचारावं लागेलच, आणि मी विचारणार.

मागचा बाक:
विचारा, पण विचारायच्या आधी त्या माणसासोबत स्तोत्र ८८ मोठ्याने वाचा. आमच्या उपासनेत ते कधी ऐकल्याचं मला आठवत नाही. रोज सकाळी प्रार्थना करणाऱ्याचं स्तोत्र आहे ते, आणि संपतं अंधारावर. पुढे आशेची एक ओळसुद्धा जोडलेली नाही, तरी ते शास्त्रात आहे.

कडू औषध:
वाचेन. मग त्याच बैठकीत स्तोत्र ५१, दावीदाचं पापकबुलीचं, तेही वाचेन.

मोहरीचा दाणा:
त्याच बैठकीत नको. ५१ त्याला स्वतःहून उघडू दे.