गोठवून का ठेवत नाहीत?

"अवयव बर्फातच नेतात, मग सरळ गोठवून महिनाभर का ठेवत नाहीत?" हा प्रश्न प्रत्यारोपणासाठी काढलेल्या अवयवांबद्दल अनेकांना पडतो. बर्फात नेतात हे खरं, पण अवयव गोठू नये याचीच सगळी धडपड असते. आधी रक्तवाहिन्यांतून थंड द्रावण सोडून रक्त धुऊन काढतात, मग अवयव द्रावणात बुडवून एकात एक अशा तीन निर्जंतुक पिशव्यांत बंद करतात. बर्फ फक्त बाहेरून. तो थेट टेकला तर तेवढा भाग गोठून मरतो.

सुमारे ४ अंशांवर चयापचय मंदावतो, पण सोडियम पेशीबाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारे पेशींचे सोडियम-पोटॅशियम पंपही थंडावतात. सोडियम आत शिरतो, मागोमाग पाणी, आणि पेशी फुगते. म्हणून अवयव साठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यूडब्ल्यू (युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिन) द्रावणात सोडियम कमी, पोटॅशियम भरपूर, शिवाय पेशीत सहज न शिरणारे लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज. हेच पोटॅशियम पुढे घात करू शकतं: यकृत जोडताना ते नीट धुतलं नाही तर रुग्णाचं हृदय बंद पडू शकतं. एवढं करूनही हृदय जेमतेम ४ ते ६ तास टिकतं, किडनी साधारण २४ ते ३६.

गोठवलं तर बर्फाचे स्फटिक केशवाहिन्या फाडतात. स्फटिक होऊ न देता काचेसारखं घट्ट करता येतं, पण त्यासाठी लागणारी रसायनं विषारी. आणि खरी गोची परत गरम करताना! वेग कमी पडला की स्फटिक, तापमान असमान झालं की तडे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदराच्या किडनीत लोह-ऑक्साइडचे नॅनोकण सोडून ती चुंबकीय क्षेत्राने आतून तापवली. १०० दिवसांपर्यंत साठवलेल्या किडन्या रोपणानंतर चालल्या. माणसाची किडनी कितीतरी मोठी, ती तितक्याच समान वेगाने थंड आणि गरम करणं फार अवघड.