वाईची कृष्णा: टाक्या उपसल्या म्हणजे झालं का?

गंगापुरीकर: परवा इथं कुणीतरी लिहिलं, "वाईएवढ्या गावाला एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र, परवडत नाही. सेप्टिक टँक वेळेवर उपसा, घाट झाडा, कृष्णामाई आपोआप निवळेल." डोकं फिरलं वाचून. 2018 पासून ठरल्या पाळीनं, दर तीन वर्षांनी टाक्या उपसायची पद्धत आपल्याकडं सुरू झाली, त्याचा मलाही अभिमान आहे. पण टाक्यांतून उपसलेल्या मैल्यावर जिथं प्रक्रिया होते, त्या मैला केंद्राची क्षमता दिवसाला 70 हजार लिटर. 2011 च्या जनगणनेतली 36 हजार माणसं धरा, माणशी 135 लिटर पाणी, त्यातलं 80 टक्के सांडपाणी. रोजचे 39 लाख लिटर होतात! मोरीचं, धुण्याचं आणि टाकीतून वरच्यावर गटारात सुटणारं पाणी टँकरमध्ये जात नाही. ते घाटाशी येतं.

रविवारपेठी: पोस्ट माझीच. आळ्यांमधून रिक्षा जाताना अंग चोरावं लागतं, तिथं भुयारी गटार कुठून नेणार? माझ्या मेहुण्याच्या गावात एसटीपी झाला. वीजबिल थकलं, पाण्यात हवा सोडणारे ब्लोअर बंद पडले, आता घाण पाणी एका तोंडानं आत जातं नि तसंच दुसऱ्यानं बाहेर येतं. तसला सांगाडा इथं नको.

भुईंजचा बागायतदार: अहो, नदीत पाणीच नसेल तर कसली निवळते? वर धोम धरणात साडेतेरा टीएमसी अडवलंय. धरणातून सिंचनाचं आवर्तन सुटलेलं नसलं की पात्रात उरतं ते गटाराचंच. आधी धरणातून बारमाही धार सोडायला लावा.

मधली आळी: धार सोडली की तुमचेच पंप ती ओढणार. उसाला पाटपाणी द्यायचं आणि घाण वाईकरांची म्हणायचं?

भुईंजचा बागायतदार: तोंड सांभाळून बोला. धरणात जमिनी कुणाच्या गेल्या ते धोमच्या वरच्या गावांना विचारा. तुमचं सांडपाणी आमच्याकडं वाहत येतं, आमचं तुमच्याकडं नाही. माझ्या थोरल्या चुलत्यांनी नदीत उभं राहून अर्घ्य देणं सोडलं, पायाला खाज सुटायची म्हणून. उसाचं म्हणाल तर ठिबक केलंय आम्ही. तुम्ही काय केलंत?

मधली आळी: सगळ्यांनी ठिबक केलंय का? पाटाला पाणी आलं की रात्रभर मोकळं सोडणारे मी पाहिलेत.

गंगापुरीकर: ऊस-ठिबकावर वेगळं भांडा. धार हवी हे मान्य, पण मैला पातळ झाला म्हणजे प्रक्रिया झाली असं नाही. रविवारपेठी, प्रत्येक आळी खणा असं मी म्हटलेलंच नाही. नाले नदीला मिळतात तिथं बांध घालून पाणी उपसून घ्या आणि गावाबाहेर प्रक्रिया करा.

रविवारपेठी: कोल्हापुरात जयंती नाल्यावर तेच केलंय. पंप थांबला किंवा पाऊस वाढला की नाला बांधावरून थेट पंचगंगेत.

गंगापुरीकर: पावसाळ्यात होईल तसं. पण कृष्णाबाईचा उत्सव माघापासून असतो, तेव्हा कुठला आलाय पाऊस? उन्हाळाभर तरी घाण थांबेल.

रविवारपेठी: बरं, उन्हाळ्यापुरतं मानलं. पण वीजबिल आणि दुरुस्तीचा पाच वर्षांचा खर्च अर्थसंकल्पात वेगळा दाखवा. त्याशिवाय टेंडर निघालं तर पहिली हरकत माझी.

गंगापुरीकर: त्या हरकतीवर दुसरी सही माझी घ्या.

भुईंजचा बागायतदार: आणि धरणाच्या धारेचं काय?