मदत हवी आहे : पेनड्राइव्ह उघडत नाही, फॉरमॅट न करता डेटा काढायचा आहे

३२ जीबीचा पेनड्राइव्ह आहे, फाइल सिस्टीम (फाइल्सची नोंद ठेवायची पद्धत) फॅट३२. परवा कॉपी चालू असतानाच चुकून उपसला (हो, चूक माझीच). तेव्हापासून लावला की विंडोज १० 'आधी फॉरमॅट करा' म्हणतं. नाही म्हटलं.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसतो, आकारही बरोबर, २८.९ जीबी, फक्त फाइल सिस्टीमच्या जागी 'रॉ' लिहिलंय, म्हणजे विंडोजला ती ओळखता येत नाहीये. पण आकार दिसतोय म्हणजे चिप मेलेली नसावी असं मला वाटतं. डेस्कटॉपचा मागचा पोर्ट, दुसरा लॅपटॉप, ड्राइव्ह लेटर बदलणं, डिव्हाइस मॅनेजरमधून काढून परत लावणं, सगळं झालं. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासणारं साधन) 'रॉ ड्राइव्हवर चालत नाही' म्हणून थांबतं. ड्राइव्ह गरम होत नाही, मधेच तुटतही नाही.

आत आईच्या साठीचे फोटो आहेत, साधारण ६ जीबी, दुसरीकडे प्रत नाही. त्यामुळे 'फॉरमॅट करून बघ' नको. डेटा काढून देणाऱ्या लॅबचा खर्च सध्या परवडणार नाही. लॅपटॉपवर १०० जीबी जागा मोकळी आहे, लिनक्सची लाइव्ह डिस्कही (इन्स्टॉल न करता चालणारी) आहे.

टेस्टडिस्क या दुरुस्तीच्या प्रोग्रामने बॅकअप बूट सेक्टर (फाइल सिस्टीमची माहिती असलेल्या सुरुवातीच्या भागाची राखीव प्रत) परत बसवता येतो, पण ते ड्राइव्हवरच लिहितं, म्हणून हात थांबलाय. आधी डीडीरेस्क्यूने (ड्राइव्हची प्रत काढणारा प्रोग्राम) पूर्ण इमेज, म्हणजे ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत, काढून त्या इमेजवरच टेस्टडिस्क चालवू का? आणि फोटोंची मूळ नावं, फोल्डर टिकवायचे तर फोटोरेक (नावं, फोल्डर न पाहता फक्त फाइल्स शोधून काढणारा प्रोग्राम) शेवटचा उपाय म्हणूनच ठेवायचा ना?