व्हॉल्यूम १२ लाख डॉलर, लिक्विडिटी ४० हजार: डेक्सवरचा हा आकडा कसा वाचायचा?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. शेअर बाजारात बरीच वर्षं आहे, क्रिप्टोत मात्र नवखा.

शेअर घेताना माझी पद्धत ठरलेली. भाव वाढला की आधी व्हॉल्यूम, मग एनएसईच्या साइटवर डिलिव्हरीची टक्केवारी. व्हॉल्यूम फुगलाय आणि डिलिव्हरी १५ टक्के, तर ती दिवसभराची घे-वीक, सोडून द्यायचं. ६० च्या वर असेल तर कोणीतरी माल उचलतंय.

आता आमच्या टेलिग्राम ग्रुपवर एका टोकनचा बोलबाला चाललाय. बीएनबी चेनवर आहे, पॅनकेकस्वॅप व्ही२ या डेक्सवर (मध्ये कंपनी नसलेल्या, ब्लॉकचेनवरच चालणाऱ्या एक्स्चेंजवर) एकच पूल, म्हणजे टोकन आणि बीएनबीचा साठा, त्यातूनच अदलाबदल होते. नाव मुद्दाम देत नाही, फुकटची जाहिरात नको. डेक्स स्क्रीनर या आकडे दाखवणाऱ्या साइटवरचे २४ तासांचे आकडे:

व्हॉल्यूम १२ लाख डॉलर, लिक्विडिटी (पूलमधली एकूण रक्कम) ४० हजार डॉलर, मार्केट कॅप १८ लाख डॉलर. व्यवहार ३,१००, मेकर्स (व्यवहार करणारी वॉलेट) ६४. खरेदी ६.०१ लाख, विक्री ५.९९ लाख. भाव संथपणे वर, फारशी उडी नाही.

ग्रुपवाले म्हणतात, मार्केट कॅपच्या दोन-तृतीयांश माल एका दिवसात फिरतोय, आणखी काय पुरावा पाहिजे? माझा ५० हजार रुपये टाकायचा विचार आहे. दोन प्रश्न. डेक्सवर डिलिव्हरीची टक्केवारी कुठे दिसते? आणि इथे सगळं ब्लॉकचेनवर असतं, म्हणजे व्हॉल्यूम खोटा असूच शकत नाही, हे बरोबर ना?

आकडेमोड_पुणे:

दादा, दुसरा प्रश्न आधी घेते, कारण ग्रुपवाल्यांची सगळी भिस्त त्यावरच आहे.

व्यवहार खोटे नाहीत. ३,१०० च्या ३,१०० तुम्हाला बीएससीस्कॅनवर (बीएनबी चेनचे व्यवहार दाखवणारी साइट) एकेक उघडून बघता येतील. मार्च २०१९ मध्ये बिटवाइज या क्रिप्टो फंड कंपनीने अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकापुढे, एसईसीपुढे, मांडलं होतं की नोंदवल्या जाणाऱ्या बिटकॉइन व्हॉल्यूमपैकी ९५ टक्के बनावट आहे. ती गोष्ट सेंट्रल एक्स्चेंजची. तिथे एक्स्चेंज स्वतःच्या सर्व्हरवरून वाटेल तो आकडा छापू शकतं. डेक्सवर तसं छापता येत नाही, व्यवहार करावाच लागतो. पण व्यवहार खरा आहे म्हणजे त्यामागे वेगवेगळी माणसं आहेत, असं कुठे ठरलंय? वॉलेट काढायला केवायसी लागत नाही. बॉटला शंभर वॉलेट दिली की तो रात्रंदिवस एका वॉलेटने घेतो, दुसऱ्याने विकतो.

आता डिलिव्हरी. डेक्सवर इंट्राडे हा प्रकारच नाही. स्वॅप (टोकनची अदलाबदल) झाला की टोकन त्याच क्षणी वॉलेटमध्ये. सगळीच डिलिव्हरी, कायम १०० टक्के, त्यामुळे ती चाळणी इथे कामाची नाही. तिच्या जागी मी एकच गोष्ट विचारते: या व्हॉल्यूमची फी कोणी भरली आणि ती कोणाच्या खिशात गेली?

तुमच्याच आकड्यांवर करून बघू. पॅनकेकस्वॅप व्ही२ वर प्रत्येक स्वॅपला ०.२५ टक्के फी. त्यातले ०.१७ टक्के पूलमध्ये लिक्विडिटी ठेवणाऱ्यांना, उरलेले ०.०८ प्रोटोकॉलकडे. १२ लाखांवर एकूण फी ३,००० डॉलर, पैकी लिक्विडिटीवाल्यांचे २,०४०. पूल आहे ४० हजारांचा. म्हणजे दिवसाला ५.१ टक्के. वीस दिवसांत नुसत्या फीवर मुद्दल दुप्पट!

असा पूल खरोखर असता तर तो ४० हजारांवर राहिला असता का? अशा जागा हुंगत फिरणारे लोक आणि बॉट जगभर आहेत. टोकन कोसळायची भीती धरूनसुद्धा कोणी ना कोणी पैसे घेऊन आलाच असता आणि लिक्विडिटी वाढत जाऊन फीचा हिस्सा पातळ झाला असता. तसं झालेलं नाही. सर्वात सरळ कारण हे की पूल ज्याचा आहे तोच उलाढाल करतोय. फीचे २,०४० डॉलर त्याचे त्यालाच परत. खरा खर्च प्रोटोकॉलकडे गेलेल्या ९६० डॉलरचा, वर थोडा गॅस (चेनची व्यवहार-फी). ८० हजार रुपयांच्या वर थोडं काहीतरी खर्चून १२ लाख डॉलरचा बोर्ड लावता येतो.

दुसरी खूण चार्टवर आहे. तुमचा सरासरी व्यवहार ३८७ डॉलरचा. ४० हजारांच्या पूलमध्ये बीएनबीची बाजू २० हजारांची, आणि अशा पूलमध्ये दोन्ही बाजूंचा गुणाकार स्थिर ठेवून भाव ठरतो. तिथे ३८७ डॉलरची एकच खरेदी भाव जवळजवळ ४ टक्के वर नेते. पाच जणांनी लागोपाठ घेतलं तर २० टक्के. चौसष्ट वेगवेगळी डोकी असती तर चार्ट दातेरी निघाला असता. संथ रेघ निघते याचा अर्थ प्रत्येक खरेदीमागून तेवढीच विक्री लगेच येतेय.

आणि मार्केट कॅप विसरा. शेवटचा भाव गुणिले सगळी टोकन्स, एवढाच तो हिशोब. बाहेर पडताना हातात येणार बीएनबी, आणि पूलमध्ये ते २० हजार डॉलरचेच आहेत. सगळ्यांनी मिळून सगळं विकलं तरी त्याहून एक छदाम जास्त निघणार नाही. तुमच्या ५० हजार रुपयांनीच भाव साधारण ६ टक्के उडेल. म्हणजे त्या दिवसाची सर्वात ठळक खरेदी तुमचीच दिसेल.

जुना_जॉबर_ठाणे:

ताई, हिशोब पटला. आमच्या वेळी दलाल स्ट्रीटवर याला सर्क्युलर ट्रेडिंग म्हणायचे. केतन पारेख या ब्रोकरच्या के-१० (त्याच्या लाडक्या दहा) शेअर्सचा काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. २००१ ला ते सगळं बसलं आणि २००३ मध्ये सेबीने त्याच्यावर १४ वर्षांची बंदी घातली. कोणाचा सौदा कोणाशी लागला हे शोधायला सेबीला ब्रोकरांची दफ्तरं चाळावी लागली. इथे म्हणे सगळं उघडं पडलेलं असतं, तरी लोक फसतात, हे नवल.

पण एका मुद्द्यावर हरकत घेतो. मी जॉबर होतो. दिवसभर घ्यायचं-विकायचं, संध्याकाळी पोझिशन शून्य. माझी खरेदी आणि विक्री रोज बरोबरच यायची. माझा व्हॉल्यूम काही खोटा नव्हता. बाजू जुळल्या म्हणून लगेच चोर ठरवू नका.

आकडेमोड_पुणे:

काका, हरकत मान्य, आणि मुद्दा महत्त्वाचा आहे. नुसत्या जुळलेल्या बाजूंवर मी निकाल देणार नाही.

युनिस्वॅप या डेक्सवर इथर आणि यूएसडीसी (डॉलरशी बांधलेलं टोकन) यांचे मोठे पूल बघा. तिथल्या उलाढालीतला मोठा वाटा आर्बिट्राजवाल्या बॉटचा असतो. बायनान्स या सेंट्रल एक्स्चेंजवर इथरचा भाव हलला की पूलमधला भाव मागे राहतो, बॉट तो फरक खाऊन भाव जागेवर आणतो. त्यांच्याही दोन्ही बाजू शेवटी जुळतात. ते तुमच्यासारखे जॉबर. त्यांचा व्हॉल्यूम खरा, फी खरी. मात्र ती मागणी नव्हे. ‘लोक इथर उचलतायत’ असं त्यातून काढू नये.

फरक असा की जॉबरला पैसे मिळायला समोर दुसरा कोणीतरी लागतो. या टोकनचा पूल एकच, दुसऱ्या कुठल्या एक्स्चेंजवर ते नाही. मग आर्बिट्राज कशाच्या विरुद्ध करणार? आणि ६४ वॉलेटनी ३,१०० व्यवहार केले, वॉलेटमागे सरासरी ४८. दर फेरीला दोनदा फी जाते, भाव तर फारसा हलत नाही. असा जॉबर तुमच्या रिंगमध्ये आठवडाभर टिकला असता का?

सँडविचही लक्षात ठेवा. तुम्ही १० हजार डॉलरची खरेदी सैल स्लिपेज (भाव किती बिघडला तरी चालेल ती मर्यादा) ठेवून पाठवली, बॉटने आधी ३० हजारांची घेतली, तुम्हाला महाग पडलं, लगेच त्याने विकून टाकलं. व्हॉल्यूम दिसणार ७० हजारांच्या वर. खरी गरज होती १० हजारांची.

मोजणीतही गोम असते. तुमचं टोकन विकून यूएसडीटी (हेही डॉलरशी बांधलेलं टोकन) हवेत, पण थेट जोडी नाही. मग राउटर टोकनचे बीएनबी करतो, बीएनबीचे यूएसडीटी. एका माणसाची एक विक्री, दोन पूलमध्ये दोनदा नोंद. वर ती वनइंचसारख्या अ‍ॅग्रिगेटरमधून (अनेक डेक्सवर भाव शोधून सौदा लावणाऱ्या सेवेतून) आली असेल तर त्यांच्या खात्यातही तोच आकडा. म्हणूनच डिफायलामा ही आकडेवारीची साइट डेक्स आणि अ‍ॅग्रिगेटर यांची पानं वेगळी ठेवते. दोन्ही बेरजा एकत्र करून ‘क्रिप्टोत एवढी उलाढाल’ म्हणणारे व्हिडिओ बघितले की मी आवाज बंद करते.

पॉइंटवाला_भाऊ:

यात आमची जमात राहिली. २०२५ च्या उन्हाळ्यात पॅनकेकस्वॅपचा व्हॉल्यूम एकदम चढला होता, त्यात बायनान्स अल्फाच्या (बायनान्सच्या नव्या टोकन्सच्या विभागाच्या) पॉइंटचा मोठा हात होता. अल्फामधली टोकन्स खरेदी केली की रकमेनुसार पॉइंट, पॉइंट साठले की एअरड्रॉप, म्हणजे फुकट टोकन्स. मग काय, घ्यायचं, दोन मिनिटांत विकायचं, परत घ्यायचं. टोकनचं नावसुद्धा वाचत नव्हतो आम्ही. माणसं खरी, वॉलेट वेगवेगळी, पण कोणालाच टोकन नको होतं.

त्यामुळे ताई, ‘मेकर्स जास्त म्हणजे बरं’ हेही नेहमी खरं नाही.

आकडेमोड_पुणे:

अगदी खरं. तेव्हा मेकर्सची संख्या बघून काहीच कळलं नसतं. तिथे बक्षीस बंद झाल्यावर काय उरतं ते बघायचं. बाकी भाऊ, आपल्याकडे प्रत्येक स्वॅप हा हस्तांतरच धरला जातो, नफ्यावर ३० टक्के, एका सौद्यातला तोटा दुसऱ्यात वळता करून मिळत नाही, आणि जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस आहेच. डेक्स तो कापत नाही म्हणून देणं संपत नाही. तुमचा सीए काय म्हणाला हे ऐकायला आवडेल.

पॉइंटवाला_भाऊ:

सीए अजून बोलत नाहीये.

कृष्णाकाठ:

धन्यवाद मंडळी. फीचा हिशोब मी चक्क वहीत मांडून बघितला. आता पूल कोणाचा आहे हे शोधायचं कसं? आणि कोणी रोज ९६० डॉलर कशाला जाळेल?

आकडेमोड_पुणे:

डेक्स स्क्रीनरवर उजवीकडे जोडीचा पत्ता असतो, टोकनचा नव्हे, जोडीचा. तो बीएससीस्कॅनवर उघडा आणि होल्डर्सच्या यादीत जा. व्ही२ मध्ये लिक्विडिटी ठेवणाऱ्याला एलपी टोकन मिळतात, ती यादी म्हणजे पूलचे मालक. वरचा पत्ता ‘डेड’ने संपणारा असेल तर एलपी जाळलेले, मूळ मालकाला ते काढता येत नाहीत. लॉकर कॉन्ट्रॅक्ट (एलपी मुदतीपर्यंत अडकवून ठेवणारा प्रोग्राम) असेल तर मुदत कधी संपते ते बघा. साधं वॉलेट असेल तर तो माणूस कुठल्याही क्षणी पूल उचलून जाऊ शकतो.

मग त्या ६४ पैकी सर्वात जास्त व्यवहार करणारी पाच-सहा वॉलेट घ्या आणि प्रत्येकाचा अगदी पहिला व्यवहार शोधा. गॅससाठी पहिले बीएनबी कुठून आले? वॉलेट हवी तितकी काढता येतात, पण त्यांत गॅस कुठून तरी घालावाच लागतो, आणि आळशी लोक तो एकाच ठिकाणाहून घालतात. हुशार लोक एक्स्चेंजमधून काढतात, मग माग तुटतो. माग तुटला म्हणून निर्दोष ठरवू नका, जोडला गेला तर मात्र विषय संपला.

९६० डॉलर कशासाठी? ट्रेंडिंग यादीत दिसायला, आणि तुमच्या ग्रुपमध्ये कोणीतरी ‘व्हॉल्यूम बघा’ म्हणावं यासाठी. आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा आहे. ५० हजार रुपयेवाले चाळीस लोक आले की पूलच्या बीएनबी बाजूला २० हजारांचे ४० हजारांच्या वर होतात, आणि एलपी त्याच्या हातात असतात.

कृष्णाकाठ:

बघितलं. एलपीचा ९७ टक्के हिस्सा एका वॉलेटकडे, लॉक नाही. सहापैकी चार वॉलेटना पहिले बीएनबी त्याच वॉलेटकडून आले आहेत.

जुना_जॉबर_ठाणे:

झालं तर मग. आता ताई, उलट बाजूनं विचारतो. डेक्सचा व्हॉल्यूम कधी काही खरं सांगतो की नाही? का नुसता धुरळाच?

आकडेमोड_पुणे:

सांगतो ना. ११ मार्च २०२३, शनिवार. सिलिकॉन व्हॅली बँक आदल्या दिवशी बुडाली होती आणि यूएसडीसी काढणाऱ्या सर्कलने सांगितलं की त्यांचे ३.३ अब्ज डॉलर तिथे अडकलेत. शनिवार-रविवार बँका बंद. एका डॉलरचा यूएसडीसी ८८ सेंटच्या आसपास आला. लोकांनी युनिस्वॅप आणि कर्व्ह ही डेक्स गाठली. व्हॉल्यूम अफाट झाला, आणि तो कोणी पॉइंटसाठी केलेला नव्हता.

पण तिथेही नुसता व्हॉल्यूम बघून दिशा कळली नसती, कारण प्रत्येक विक्रीत कोणीतरी खरेदीही करतंच होतं. दिशा दिसत होती कर्व्हच्या थ्रीपूलमध्ये. त्यात दाई (आणखी एक डॉलर-टोकन), यूएसडीसी आणि यूएसडीटी जवळपास समप्रमाणात असणं अपेक्षित. त्या दिवशी लोक यूएसडीसी आणि दाई टाकून यूएसडीटी घेऊन जात होते, पूलमध्ये यूएसडीटी नावालाच उरले. कोणाला काय नको आहे, ते पूलच्या शिलकीत लिहिलेलं होतं. फीसुद्धा खरी होती, आणि ती लिक्विडिटी ठेवणाऱ्या, विकणाऱ्यांशी काही संबंध नसलेल्या लोकांना मिळाली. मात्र त्यांच्या वाट्याचा माल तोवर बहुतेक यूएसडीसी आणि दाईच होता. रविवारी अमेरिकी सरकारने ठेवीदारांचे पूर्ण पैसे मिळतील असं जाहीर केलं आणि सोमवारी भाव डॉलरच्या जवळ आला, म्हणून ते तरले.

काका, मोठ्या पूलमध्ये मी आधी शिलकीचं प्रमाण बघते, मग फी, आणि व्हॉल्यूम त्यानंतर.