अपुऱ्या कादंबरीमालेत शिरावे, की मालिकेवरच थांबावे?

चिमूरकर मास्तर

नमस्कार. मी चिमूर तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक आहे. या उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या काल्पनिक राज्यांतल्या सत्तासंघर्षाच्या इंग्रजी मालिकेची पहिली चार पर्वे पाहून झाली. गावात रेंज धड मिळत नाही, म्हणून तालुक्याला गेलो की भाग उतरवून आणायचे आणि रात्री गच्चीवर पाहायचे, असा क्रम होता. त्यानंतर ती ज्या कादंबरीमालेवर आधारलेली आहे, त्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या लेखनाचा पहिला खंड शब्दकोश शेजारी ठेवून वाचला. प्रत्येक प्रकरण एकाच पात्राच्या नजरेतून लिहिलेले असल्यामुळे, मालिकेत जे कट आपल्याला आधीच ठाऊक असतात ते पुस्तकात त्या पात्रासोबत चाचपडतच उलगडतात, आणि मला तो अनुभव फार आवडला.

अडचण अशी की पहिला खंड 1996 मध्ये आला, पाचवा 2011 मध्ये, आणि सहावा अजून आलेलाच नाही. मालिका मात्र 2019 मध्ये संपली आणि तिचा शेवट बिघडला असे बहुतेक जण म्हणतात. पाचही खंड मिळून चार हजारांहून अधिक पाने होतात. माझ्या वाचनाच्या वेगाने त्यात दोन वर्षे सहज जातील, आणि एवढे करून गोष्ट अर्धवटच राहणार. तेव्हा पुढे वाचावे, की मालिका पूर्ण करून मोकळे व्हावे? कृपया शेवट सांगू नये.

वडसेकर

मास्तर, शेवट सांगणार नाही, परंतु शेवट बिघडला या म्हणण्यात थोडी दुरुस्ती सुचवतो. शेवटाची ढोबळ रूपरेषा लेखकाने मालिका करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवली होती. त्यामुळे माझ्या मते दोष मुक्कामाचा नसून वाटेचा आहे. पहिल्या पर्वात राजाचा लवाजमा उत्तरेला पोचायला महिना लागतो, आणि परतीच्या वाटेवर नदीकाठी मुलांच्या भांडणातून जे घडते, त्याचे वैर पुढे कितीतरी भाग पुरते. अंतर होते म्हणून प्रसंग घडत होते. सातव्या पर्वात हेच अंतर नाहीसे होते. बर्फात अडकलेल्या माणसांचा निरोप घेऊन एक जण उत्तर सीमेवरच्या प्रचंड भिंतीपर्यंत धावतो, तिथून निरोप्या डोमकावळा दक्षिणेकडे उडतो आणि मदत जणू रात्रीतून हजर होते. पहिल्या सहा पर्वांना प्रत्येकी दहा भाग मिळाले, सातव्याला सात आणि आठव्याला सहाच. पुस्तकाचा आधार संपल्यावर खरे तर कारणे रचायला जास्त भाग लागायला हवे होते, ते कमी केले गेले.

मी वडशाचा आहे, म्हणून आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाची तुलना केल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्याकडे मंडईच्या (म्हणजे गावच्या जत्रेच्या) किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. मधे लावणी होते, विनोदी पात्र अर्धा तास खाऊन टाकते, आणि घोंगडी पांघरून बसलेल्या प्रेक्षकांची त्याला हरकत नसते. मात्र खलनायकाने जमीन का बळकावली हे पहिल्या अंकात पक्के झालेले नसेल, तर शेवटच्या अंकात नायिकेने कितीही टाहो फोडला तरी कोणाचे डोळे पाणावत नाहीत. रेंगाळणे आम्ही सहन करतो, उडी मारलेली सहन करत नाही. कोट्यवधी डॉलर खर्चून केलेल्या मालिकेला हे कळू नये याचे मला खरोखर नवल वाटते.

तेव्हा आधी वाचा. गोष्ट अपुरी असली तरी तिच्यातली कारणे पुरी आहेत.

वणीचा शेतकरी

वडसेकर भाऊंचे म्हणणे पटते, पण पूर्ण झालेली कादंबरी पडद्यावर आली म्हणजे सारे जुळते असेही नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही टोल्किन यांची कादंबरी 1954 आणि 1955 मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली, तीही संपूर्ण लिहून झाल्यावर. तिच्यावरचे तीन चित्रपट 2001 ते 2003 या काळात आले आणि तिसऱ्याला अकरा ऑस्कर मिळाले. चित्रपट मलाही आवडतात. तरीही त्यांनी गाळलेला शेवटाजवळचा एक भाग माझ्या दृष्टीने कादंबरीचा गाभा आहे.

चित्रपटात कथेतले चार मित्र एका दुष्ट जादूच्या अंगठीवरून पेटलेले युद्ध जिंकून गावी परततात, तेव्हा गाव जसेच्या तसे हिरवे असते. कादंबरीत तसे नाही. ते दूर लढत असताना गावात परके लोक शिरलेले असतात, रस्त्याकडेची झाडे तोडलेली असतात, जुनी गिरणी पाडून उभारलेल्या नव्या गिरणीने पाणी नासवलेले असते, आणि गावातलेच काही जण शिपाई होऊन शेजाऱ्यांवर नियम बजावत असतात. ज्या झाडाखाली पहिल्या प्रकरणातली मेजवानी झाली तेही आडवे पडलेले पाहून त्या चौघांतला सॅम रडतो. नंतर तो सोबत आणलेली चिमूटचिमूट माती गावभर टाकून रोपे लावत फिरतो.

आमच्या वणी भागात कोळशाच्या खाणी आहेत आणि वेचणीला आलेल्या कापसावर काळी धूळ बसलेली मी लहानपणापासून पाहतो. हे प्रकरण मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बांधावर जाऊन बसलो. चित्रपटकर्त्यांना मोठ्या युद्धानंतर छोटे युद्ध दाखवणे कंटाळवाणे वाटले असेल, आणि पडद्याच्या हिशेबाने ते कदाचित बरोबरही असेल. माझ्या हिशेबाने मात्र मोठे युद्ध ही त्या छोट्या युद्धाची तयारी होती.

मास्तर, आपण मार्टिन जरूर वाचा, पण मधे कंटाळा आला तर इकडे वळा.

मोर्शीची वाचक

दोन्ही भाऊंनी मूळ प्रश्न थोडा बाजूला ठेवला, म्हणून व्यवहाराचे सांगते. चार पर्वे म्हणजे साधारण तीन खंड. म्हणून एकदम चौथ्या खंडाला हात घालावासा वाटेल, पण तसे करू नका. तिसऱ्या खंडाच्या अगदी शेवटच्या प्रकरणात अशी एक गोष्ट आहे जी मालिकेने घेतलीच नाही, आणि तिच्यावाचून पुढचे संदर्भ लागत नाहीत. शिवाय राणीचा भाऊ जेमी याच्या नजरेतली प्रकरणे याच खंडात सुरू होतात. पहिल्या खंडात ज्याचा आपण मनापासून तिरस्कार केला, त्याची बाजू ऐकताना वाचक म्हणून जी अडचण होते, तिच्यासाठी तरी हा खंड वाचावा.

चौथा खंड 2005 चा. त्यात जॉन, टिरियन आणि डेनेरिस या मुख्य पात्रांची प्रकरणेच नाहीत. लेखकाने पसरलेली कथा काळानुसार न तोडता प्रदेशानुसार तोडली आणि ही मंडळी पाचव्यात नेली. अनेक जण इथेच पुस्तक सोडतात. मला मात्र हाच खंड सर्वांत आवडतो, कारण राणी सर्सीचे मन त्यात प्रथमच उघडते. मालिकेत ती थंड डोक्याने डाव टाकणारी वाटते, तर पुस्तकात प्रत्येक चुकीला ती स्वतःची हुशारी समजत असते. (आमच्या गावच्या पंचायतीत अशी माणसे पाहिल्यामुळे मला ती फार ओळखीची वाटली.)

अपुरेपणाची भीती मला कळते, पण तीन खंडांनंतर थांबलात तरी हाती पुष्कळ काही लागलेले असेल.

चिमूरकर मास्तर

सर्वांचे आभार. दुसरा आणि तिसरा खंड मागवतो आणि पाचवे पर्व तूर्त उतरवत नाही. वणीच्या भाऊंना एक विचारायचे होते. आपण सांगितलेले ते प्रकरण सातवीच्या मुलांना मराठीत गोष्टीसारखे सांगितले, तर आधीची हजार पाने माहीत नसताना त्यांना ते कळेल काय?

वणीचा शेतकरी

गुरुजी, झाडापासून सुरुवात करा. अंगठीचे नंतर सांगता येईल.